हापशीजवळची बाई

पिपरी मेघे, वर्धा
६ जानेवारी २०२५

प्रफुल,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहिते आहे. घरच्या पत्त्यावर नाही, तुझ्या स्टुडिओच्या पत्त्यावर. एवढी काळजी मी घेतली आहे. यापुढे या पत्रात तुझी काळजी कुठेही घेतलेली नाही.

बेडा उठवायची नोटीस आली आहे. आपल्या वस्तीची एकतीसही घरं. धामणखेडीच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला, की गायरानावरचं अतिक्रमण हटवावं. ठरावातलं वाक्य जसंच्या तसं देते: 'सदर पारधी इसम सन २०१४ नंतर बाहेरून येऊन बसले आहेत.' बाहेरून! तू आणि मी त्या नाल्याच्या काठी जन्मलो. बाप त्याच काठी मातीआड झाला. माय आजही त्याच पाण्यावर भांडी घासते. आणि आपण बाहेरचे.

नियम असा आहे, की १ जानेवारी २०११ च्या आधीपासून वस्ती असेल आणि तसा पुरावा असेल तर घरं कायम होतात. नसेल तर घरं पाडायला मशीन येतं. सुनावणी १० फेब्रुवारीला वर्ध्यात आहे.

पुरावा कुठून आणू? घरपट्टी आपल्याकडून त्यांनी कधी घेतली नाही. विजेचा खांब नाल्याच्या अलीकडेच थांबला. मतदार यादीत आपण २०१५ ला आलो, तेही मी तहसीलसमोर चार दिवस बसले तेव्हा. ज्याच्याकडे सातबारा असतो त्याला आजोबा-पणजोबा असतात. आपल्याला फक्त गुन्ह्यांची यादी असते. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून सबंध जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला म्हणतात. कुठे गेला? धामणखेडीच्या चावडीवर जाऊन बघ, तिथेच बसला आहे, पान खातो आहे.

म्हणून मला तो फोटो हवा आहे. मायचा, हापशीजवळचा.

तुला आठवत असेलच. २००८ ची दिवाळी. सिंदीच्या गजेंद्रभाऊंच्या स्टुडिओत तू झाडूपोछा करायचास आणि त्यांनी तुला पहिल्यांदा कॅमेरा हातात दिला. तू धावत बेड्यावर आलास. माय पाणी भरत होती. हिरवं लुगडं, डोक्यावर पाण्याचा गुंड, एक हात हापशीच्या दांड्यावर. तू म्हणालास, "माय, जराशी बाजूले हो न, अक्षरं झाकून राह्यली तू." कारण हापशीच्या ओट्यावर ओल्या सिमेंटात गवंड्यानं खिळ्यानं कोरलं होतं: ग्रा.पं. धामणखेडी, पारधी बेडा, २००६. ते नाव दिसावं म्हणून तू आईला सरकवलंस. तेव्हा तुला ते नाव दिसायला हवं होतं, प्रफुल.

ती हापशी २०१९ मध्ये ओट्यासकट काढून नेली. गजेंद्रभाऊ गेले. स्टुडिओच्या जागी मोबाईलचं दुकान आहे, निगेटिव्ह कचऱ्यात गेल्या. आपल्या घरची प्रत पत्र्याच्या पेटीत होती, आणि २०१६ ला त्यांनी आपलं घर पाडलं तेव्हा पेटीही गेली. उरली एकच. मागे स्टुडिओचा शिक्का आणि तारीख असलेली. ती तुझ्याकडे आहे. मला कसं माहीत, ते विचारू नकोस.

आता दुसरं. शेवटच्या फोनवर तू म्हणालास, "तू माझं घर मोडलं." नोव्हेंबरातल्या माझ्या प्रदर्शनाबद्दल मी माफी मागणार नाही. बेड्यावरच्या माणसांचे चाळीस फोटो मी वर्ध्यात लावले, कापूस वेचताना, पोरांना न्हाऊ घालताना, भांडताना. आणि त्यांच्या मधोमध ती बातमी. पंधरा वर्षांचा तू, गळ्यात पाटी, एक फोटो समोरून, एक बाजूनं, खाली 'मोटारपंप चोरीतील पारधी युवक'. पंप आठ दिवसांनी मालकाच्याच पुतण्याकडे सापडला, ते कुणी छापलं नाही. मी छापलं. खाली लिहिलं: 'निर्दोष. प्रफुल पवार, आज पुण्यात फोटोग्राफर.' यात खोटं काय होतं? तुझ्या बायकोची मावशी वर्ध्यात राहते आणि प्रदर्शनाला येते, यात माझा काय गुन्हा?

आपलं आडनावच असं, की लपायला झाड शोधावं लागत नाही. पवार म्हटलं की समोरचा हवं ते समजतो. मला मात्र इथे पिपरीत घरमालकिणींनी विचारलं, "पवार म्हणजे कोणते?" आणि मी दर वेळी सांगितलं, पारधी. तीन खोल्या गेल्या. चौथी मिळाली. तिथूनच हे लिहिते आहे.

फोटो पाठव.

रीता

•

धामणखेडी, बेडा
१८ जानेवारी

प्रफुल,

उत्तर नाही. ठीक आहे. तू वाचतोस एवढं मला पुरे.

परवापासून बेड्यावर आहे. प्रत्येक घराचा अर्ज भरते आहे आणि अर्जावर फोटो लागतो, म्हणून तानबाकाकांच्या भिंतीवर पांढरी चादर टांगली. आजवर मी लोकांचे कामातले फोटो काढले होते. भिंतीला उभं करून, एकेकाला, कधीच नाही. पहिले तानबाकाकाच. सत्तरी ओलांडली, पण आरशासमोर टोपी तीनदा नीट केली. मी फोटो काढला आणि म्हटलं, झालं. तर ते न सांगता उजवीकडे वळले. हनुवटी वर, हात मांडीला चिकटवून.

"काका, वळले काऊन तुम्ही?"

"दुसरी बाजू काढल्याबिगर सोडत नाई न वं बाई घरी."

मी हसले. मग त्यांची बायको आली, तीही वळली. मग त्यांचा मुलगा. मग त्यांची वीस वर्षांची सून, जिनं पोलीस ठाण्याची पायरीसुद्धा पाहिलेली नाही. तिला विचारलं तर म्हणाली, "फोटो असाच काढत असतेत ना, ताई?"

एकतीस घरांतली बावन्न माणसं, प्रफुल. त्यातली सदतीस वळली. मी मोजली. मोजताना माझं हसू कुठे गेलं ते मला कळलं नाही. मी सभा गाजवते, लोक टाळ्या वाजवतात. पण दीडशे वर्षांत सरकारनं आपल्याला काय शिकवलं ते मला एका भाषणात सांगता आलं नव्हतं. त्या सुनेच्या मानेनं सांगितलं.

तेवढ्यात बबनराव मोटारसायकलवर आले. आता सरपंच तेच आहेत, ठराव त्यांचाच. गाडीवरून न उतरता म्हणाले, "रीताबाई, फोटो काढून राह्यल्या का? काढा, काढा. गेल्यावर आठवण राहीन."

मी म्हटलं, "बबनराव, आठवण तुमचीबी ठेवते. इकडं पाहा." ते खरंच ऐटीत बसले. मी फोटो काढला. "आता वळा. बाजूनं काढते."

"मी काऊन वळू? मी का चोर हाय?"

बोलून गेले आणि त्यांच्याच लक्षात आलं. मग तानबाकाका आपल्या भाषेत काहीतरी बोलले, ते मी इथे मराठीत लिहिणार नाही, पण तुला अंदाज येईल. बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. बबनराव गाडीला किक मारत म्हणाले, "दहा तारखेनंतर हसजो."

दहा तारखेला तेवीस दिवस उरलेत.

माय तुझी चौकशी करत नाही. पण मी पत्र लिहायला बसले की शेजारी येऊन तूर पाखडते.

रीता

•

पिपरी मेघे
२९ जानेवारी

प्रफुल,

हे पत्र मी दोनदा फाडलं. तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि यात मी भाषण करणार नाही.

काल वर्ध्याला, सुनावणी घेणाऱ्या साहेबांकडे कागद दाखवायला गेले होते. बावन्न फोटो, अर्ज, तानबाकाकांचा जबाब. साहेब नवे आहेत, तुझ्याच वयाचे. मी वीस मिनिटं बोलले. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोलता ते मला पटतं. पण भाषण फाईलला लावता येत नाही. हे सगळे फोटो या महिन्यातले आहेत. जुना एक तरी आणा. आणि ज्यानं काढला त्याचं प्रतिज्ञापत्र. नाव, गाव, जात, केव्हा काढला, कुणाचा काढला."

मी तिथून थेट बेड्यावर गेले. डोकं तापलेलं होतं. माय चुलीपाशी होती. आणि जे मी तिला कधीच सांगणार नव्हते ते सांगून टाकलं.

आता तुलाही सांगते. गेल्या दिवाळीत तुझ्या बायकोनं, आकांक्षानं, फेसबुकवर घर सजवल्याचे फोटो टाकले होते. मी तिचं पान कधीमधी बघते, चोरून, तिला माहीत नाही. पणत्या, रांगोळी, आणि मागच्या भिंतीवर माय. हिरवं लुगडं, डोक्यावर गुंड, हात दांड्यावर. आणि चौकटीला चंदनाचा हार.

तू लग्नाच्या वेळी म्हणाला होतास, "त्यांना सांगितलंय, घरी कुणी नाही." मला वाटलं, टाळायला म्हणाला असेल. तू तर तिला मारून भिंतीवर टांगलं होतंस. आणि ज्या फोटोत तिला बाजूला सरकवून तू आपलं नाव दाखवलं होतंस, तोच फोटो. ओट्यावरची अक्षरं चौकटीत नेमकी कापली गेली होती. तू कापलीस का रे? की काचेखाली दुमडलीस? दुमडली असशील तर अजून आहेत.

तीन आठवड्यांनी मी तुझी ती बातमी प्रदर्शनात लावली. मावशी वर्ध्यात राहतात हे मला माहीत होतं. त्यांना निमंत्रण मीच पाठवलं. पहिल्या पत्रात मी जे लिहिलं, ते एका वक्त्यानं लिहिलं होतं. हे तुझी बहीण लिहिते आहे: मला तुझं घर मोडायचंच होतं.

मायला मी हे सगळं सांगितलं. हाराचंही. मला वाटलं होतं, रडेल, नाहीतर तुला शिव्या देईल. ती भाकर उलटवत राहिली. मग विचारलं, "कुठं लावला हाय? चांगल्या भिंतीवर हाय ना? पाणी नाई लागत ना त्याले?"

मी किंचाळले, "माय, त्यानं तुले मारून टाकलं!"

"त्यानं मले मेली म्हटलं, मी का मेली?" म्हणाली. "अन तू? त्याचा तो पोलिसाचा फोटो तू लावला. तो लावू का म्हून त्याले विचारलं होतं का?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पोलिसानंबी नव्हतं विचारलं," म्हणाली, आणि भाकर माझ्या ताटात टाकली.

प्रफुल, शेकडो सभांमध्ये मला कुणी असं उत्तर दिलं नाही. मी म्हणत आले, की आमच्या माणसांचे फोटो दुसऱ्यांनी काढले, दुसऱ्यांनी छापले, आमचा चेहरा आमच्या परवानगीशिवाय वापरला. आणि मी तुझा वापरला. पंधरा वर्षांचा तू, रडून सुजलेले डोळे, गळ्यात पाटी. अल्पवयीन मुलाचा फोटो छापू नये असा कायदा त्या वर्तमानपत्रानं मोडला होता, मी तो दुसऱ्यांदा मोडला, आणि वर त्याला न्याय म्हटलं.

प्रदर्शन मार्चमध्ये नागपूरला जाणार आहे. ती चौकट मी आज रिकामी केली. बातमी पाकिटात घालून सोबत पाठवते आहे. तुझी आहे. जाळ, ठेव, तुझी मर्जी.

त्या कृत्याची माफी मागते. पण लढ्याची मागणार नाही, हे लक्षात ठेव. तू लपलास ते चुकलं असं मी अजूनही म्हणते, कारण तू एकटा लपतोस तेव्हा उरलेली एकतीस घरं आणखी उघडी पडतात. आणि दहा तारखेला फोटो आला नाही, तरी आम्ही मशीनसमोर बसणार आहोत. तानबाकाका पुढे, मी त्यांच्या शेजारी, माय माझ्या शेजारी. तू मेलेली ठरवलेली बाई जिवंतपणी पोकलेनसमोर बसेल. बबनरावांना तिचा फोटो काढू दे, दोन्ही बाजूंनी.

फोटो पाठवायचा तर तुला भिंतीवरून आईला उतरवावं लागेल. आकांक्षा विचारेल. आणि प्रतिज्ञापत्रावर खरं नाव लिहावं लागेल. मला हे माहीत आहे. मागितलं आहे एवढंच. या वेळी मागितलं आहे.

रीता

•

धामणखेडी, बेडा
१२ फेब्रुवारी

प्रफुल,

खोकं आठ तारखेला मिळालं. चादरीत गुंडाळलेली चौकट. मी मागचा पुठ्ठा उघडला आणि कागद सरळ केला. अक्षरं होती. दुमडली होतीस, कापली नव्हतीस. मी त्या घडीवरून बराच वेळ बोट फिरवत बसले.

मग प्रतिज्ञापत्र वाचलं. 'मी, प्रफुल शकुंतला पवार, जात पारधी, जन्म धामणखेडी येथील बेड्यावर. सदर फोटो मी स्वतः सन २००८ मध्ये काढला. फोटोतील स्त्री माझी आई आहे. ती जिवंत आहे.' शेवटचं वाक्य साहेबांनी मागितलेलं नव्हतं. आपल्या वकिलांनी विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, राहू द्या, तेच मुख्य आहे.

खोक्याच्या तळाशी एक चिठ्ठी होती, तुझ्या अक्षरातली नाही. 'हार मी काढला. तीन वर्षं रोज मीच पुसत होते. आकांक्षा.' एवढंच. ती रागावून लिहिलेली आहे की रडून, ते मला कळत नाही. तुमच्या घरात काय झालं ते मी विचारत नाही. सांगावंसं वाटलं तर सांग.

आता परवाचं ऐक. साहेबांनी भिंग घेऊन फोटो पाहिला. मागचा शिक्का पाहिला, तारीख पाहिली. मोठ्यानं वाचलं: "ग्रा.पं. धामणखेडी, पारधी बेडा, २००६." मग बबनरावांकडे बघून, "तुमच्याच ग्रामपंचायतीची हापशी आहे ना ही?"

बबनराव म्हणाले, "साहेब, लिहिणाऱ्याची चूक असन."

मागून तानबाकाका: "पाणीबी चुकून आलतं का, बबनराव?"

दालनात हशा पिकला. साहेबांनी सगळ्यांना गप्प केलं, पण त्यांची मिशी हलत होती. मग विचारलं, "फोटोतली ही बाई कोण?"

मी उठणार होते. तोंडात सबंध भाषण तयार होतं. मायनं माझा हात दाबून मला खाली बसवलं आणि स्वतः उभी राहिली. तेच हिरवं लुगडं शोधून नेसली होती, पार विटलेलं.

"मी हावो," म्हणाली. "सतरा वर्सं झाले साहेब, वाळली जराशी."

फोटो आणि प्रतिज्ञापत्र फाईलला लागले. निकाल राखून ठेवला आहे, तोवर एकाही घराला हात लावायचा नाही असा लेखी आदेश मिळाला. जिंकलो असं मी म्हणत नाही. बबनराव वरच्या कोर्टात जाणार म्हणतात. जाऊ देत. त्यांच्या ठरावातला 'बाहेरून' हा शब्द त्या फाईलमध्ये आता मायच्या शेजारी राहणार आहे, आणि तिच्या शेजारी तो फार दिवस टिकायचा नाही.

फोटो फाईलमध्ये गेला, म्हणजे तुमच्या भिंतीवरचा खिळा रिकामा आहे. मी काल मायला विचारलं, "माय, तुझा एक फोटो काढू? पुण्याले पाठवाले?" तिनं आधी चौकशी केली. कुठे लागणार, कोण पाहणार, सून काय म्हणेल. मग तोंड धुऊन आली. चादरीसमोर उभी राहिली, सरळ माझ्याकडे बघत. फोटो निघाला. ती वळली नाही. मी वाट पाहिली, पण नाही वळली.

मग म्हणाली, "आता तू उभी राह्य. तुझाबी नसन त्याच्यापाशी." कॅमेरा कसा धरायचा ते मी दाखवलं. तिनं बटण दाबलं.

आणि प्रफुल, माझी मान उजवीकडे वळली.

२०१५ ला तहसीलसमोर बसले होते, तेव्हा मलाही पोलीस ठाण्यात नेलं होतं. पाटी दिली होती. तुला सांगितलं नव्हतं. मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. एवढी पुस्तकं वाचली, एवढी भाषणं केली, आणि मान मात्र त्यांचीच ऐकते.

माय इतकी हसली, की कॅमेरा पडता पडता राहिला. तिच्या हातून दुसरा फोटोही निघून गेला होता, वळलेला.

"ए पोट्टी," म्हणाली, "सरळ पाह्य न. पोलीस नोहो मी."

सोबत तीन फोटो आहेत. मायचा समोरून. माझा वळलेला. आणि माझा, तिचं ऐकून सरळ पाहिल्यानंतरचा. मायच्या फोटोला हार घालू नका, एवढीच तिची अट आहे. नागपूरच्या प्रदर्शनात तुझ्या बातमीची चौकट रिकामी आहे. तिथे मी माझा वळलेला लावणार आहे, खाली माझं नाव घालून. त्याच्या शेजारी तुझा एखादा, तू निवडलेला, तू काढलेला, चालेल का?

विचारते आहे.

रीता